पास्ता महाग असू द्या, पण भाव पूर्ण लिहा

पुण्यात नाताळ म्हटलं की पूर्वी कॅम्प. महात्मा गांधी रस्त्यावरची रोषणाई, कयानी बेकरीपुढची रांग, आणि शेजारी एखादं मराठी ख्रिस्ती कुटुंब असेल तर त्यांच्याकडून केकच्या जोडीनं आलेल्या करंज्या-चकल्या. आता नाताळ ते एकतीस डिसेंबर हा बाहेर जेवायचा आठवडा झाला आहे, आणि बऱ्याच घरांत बाहेर म्हणजे इटालियन. कारणं साधी आहेत. आजोबांना तिखट सोसत नाही. नातीला चीजच हवं असतं. जैन मित्राला कांदा-लसणाशिवायचा पिझ्झा कुणी नाक न मुरडता करून देतं. शाकाहारी आणि मांसाहारी माणसं एका टेबलाशी भांडण न होता बसतात. आधी कोरेगाव पार्कात ओशो आश्रमाच्या आसपास असलेलं हे खाणं बाणेर-बालेवाडी, विमाननगर करत कोथरूडपर्यंत आलं आणि लाकडाच्या भट्टीचा पिझ्झा सिंहगड रस्त्यावरही भाजला जाऊ लागला.

या जेवणाबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या किमतीबद्दलही नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे 'परवडत नाही तर जाता कशाला' हा खास पुणेरी प्रश्न वाचेल. सातशे रुपयांचा पिझ्झा ज्याला विकायचा त्यानं विकावा, ज्याला घ्यायचा त्यानं घ्यावा. माझं म्हणणं बिलातल्या एका ओळीबद्दल आहे. पदार्थांची बेरीज संपते आणि कर सुरू होतो, त्या दोहोंच्या मध्ये ती बसलेली असते: सर्व्हिस चार्ज, दहा टक्के. ही ओळ जावी. मेनूकार्डावर जो आकडा छापला आहे, तोच सेवा आणि कर धरून शेवटचा आकडा असावा. आणि हे मालकांच्या मर्जीवर न सोडता नियमानं व्हावं.

गेल्या नाताळात आम्ही पाच जण असेच एका ठिकाणी जेवलो. जेवण उत्तम होतं. शेवटी काळ्या रंगाचं पुठ्ठ्याचं पाकीट आलं. आत कागद, वर गुळगुळीत पेन. उजेड इतका रोमँटिक की यजमानांनी मोबाइलचा टॉर्च लावून बिल वाचलं. खाण्याचे सहा हजार झाले होते. त्याखाली दहा टक्के सर्व्हिस चार्जचे सहाशे. मग या सहा हजार सहाशेवर पाच टक्के जीएसटी, तीनशे तीस. एकूण सहा हजार नऊशे तीस. सर्व्हिस चार्ज नसता तर सहा हजार तीनशे झाले असते. म्हणजे दहा टक्क्यांची ती ओळ प्रत्यक्षात साडेदहा टक्क्यांना पडली, कारण तिच्यावरही कर लागला. शेजारी हातात कार्डाचं मशीन घेऊन एक पोरगा उभा. वय बावीस-तेवीस, ईशान्येकडचा असावा, दोन तास आमच्या पुढंमागं हसतमुखानं वावरलेला. यजमानांनी त्या ओळीवर बोट ठेवलं मात्र, त्याचा चेहरा उतरला. 'सर, ते ऑप्शनल आहे,' तो हळूच म्हणाला. टेबलावर व्याही मंडळी होती. यजमानांनी पाकीट मिटलं, कार्ड पुढे केलं.

भीड भिकेची बहीण, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. ऐच्छिक म्हणवणारा सगळा सर्व्हिस चार्ज या भिडेवर उभा आहे. तो स्वखुशीनं द्यायचा असेल तर बिलात आधीच का लिहिलेला असतो? देवळातल्या दानपेटीत माझ्या वतीनं पुजाऱ्यानं आधी नोट टाकावी आणि मग 'नको असेल तर काढून घ्या' म्हणावं, तसलं हे स्वातंत्र्य आहे. काढून घेणारा चारचौघांत चिक्कू ठरतो.

आणि ही भीड सगळ्यांना सारखी पडत नाही. ज्याला अशा जागांची सवय आहे तो मॅनेजरला बोलावून दोन वाक्यांत ती ओळ काढायला लावतो, नवीन बिल येतं, विषय संपतो. भरतो कोण? पहिला पगार झाला म्हणून साताऱ्याहून आलेल्या आईवडिलांना घेऊन गेलेला मुलगा. मेनूकार्डावरचं 'रिसोत्तो' मोठ्यानं वाचावं की बोट दाखवावं या विचारात असलेली मुलगी. इथले रिवाज काय, काय विचारलेलं चालतं, हे ज्यांना ठाऊक नाही ते निमूट भरतात. म्हणून हा चैनीच्या लोकांचा किरकोळ प्रश्न आहे असं मला वाटत नाही. सरावलेल्यांना सूट आणि नवख्यांना दंड, अशी ही वसुली आहे.

कायद्याची बाजू लोकांना वाटते तितकी धूसर राहिलेली नाही. सर्व्हिस चार्ज ग्राहकाच्या मर्जीवर आहे, असं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं एप्रिल २०१७ मध्येच म्हटलं होतं. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक तत्त्वं काढली: हॉटेलानं आपणहून सर्व्हिस चार्ज बिलात घालायचा नाही, दुसऱ्या नावानंही घालायचा नाही, तो दिला नाही म्हणून कुणाला आत येण्यापासून अडवायचं नाही, आणि तो बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलचालकांच्या दोन मोठ्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. पावणेतीन वर्षं ती चालली. २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी याचिका फेटाळल्या, तत्त्वं कायम ठेवली आणि दोन्ही संघटनांना एकेक लाखाचा खर्चही लावला. सक्तीचा सर्व्हिस चार्ज ग्राहकहिताविरुद्ध आहे, असा निकालाचा रोख होता. संघटनांनी त्यावर अपील केलं.

आणि तरीही त्यानंतरच्या डिसेंबरात आमच्या बिलावर ती ओळ होतीच. मालकांचं उत्तर ठरलेलं असतं: आम्ही सक्ती कुठं करतो, मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर तळाशी लिहिलं आहे. लिहिलेलं असतं, खरं आहे. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, मिठाईच्या यादीखाली, आणि तेही त्या टॉर्च लावाव्या लागणाऱ्या उजेडात.

आता एक जुना निकाल आठवू. बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दरानं विकता येतं की नाही, यावर हॉटेलवाले सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि १२ डिसेंबर २०१७ रोजी जिंकले. त्यांचा मुद्दा काय होता? हॉटेलात येणारा माणूस नुसतं पाणी विकत घ्यायला येत नाही. तो बसतो, त्याला वातावरण मिळतं, वाढणारा माणूस मिळतो, पेला आणि टेबलावरचं कापड मिळतं. त्या सगळ्यासकट ती बाटली असते, म्हणून तिला दुकानातली एमआरपी लावू नका. न्यायालयानं ते मान्य केलं. मलाही ते पटतं. कोपऱ्यावरच्या टपरीवरची बाटली आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवरची बाटली या वेगळ्या वस्तू आहेत.

पण मग हिशोब एकदाच करा. वाढणारा माणूस, वातावरण, पेला, कापड हे सगळं जर वीस रुपयांच्या बाटलीच्या नव्वद रुपयांत आलं, तर ते सातशेच्या पिझ्झ्यातही आलेलंच आहे. आटा, टोमॅटो आणि चीज मिळून सातशे रुपये होत नाहीत हे घरी पोळ्या लाटणाऱ्या प्रत्येकाला कळतं. वरचे पैसे सेवेचेच आहेत, ते आम्ही आनंदानं दिलेले आहेत. एका न्यायालयात 'किमतीत सेवा धरलेली आहे' म्हणायचं आणि दुसऱ्यात 'सेवेचे वेगळे द्या' म्हणायचं, हे दोन्ही एकाच तोंडानं कसं चालेल? मला आजवर एकाही हॉटेलमालकानं याचं सरळ उत्तर दिलेलं नाही. विषय वेटरकडे वळतो.

तर वेटरकडे वळू. मालकांचा सगळ्यात वजनदार युक्तिवाद हाच आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. टिप दिली तर ती समोर दिसणाऱ्या वेटरला मिळते. आत भट्टीपाशी घामाघूम झालेला, भांडी घासणारा, पहाटे पीठ मळणारा, यांच्या हाती काही लागत नाही. सर्व्हिस चार्ज एका भांड्यात जमा होतो आणि ठरलेल्या हिश्श्यानं सगळ्यांना वाटला जातो. काही ठिकाणी खरंच तसं होतं. मी दोन-तीन ठिकाणच्या पोरांशी बोलले आहे. एकानं सांगितलं की डिसेंबरचा हिस्सा गावी पाठवायच्या पैशांत मोठी भर घालतो. दुसऱ्यानं सांगितलं की हिस्सा मिळतो, पण फुटलेले ग्लास आणि न भरता पळालेल्या टेबलांचे पैसे आधी त्यातून वळते होतात. तिसरा नुसताच हसला.

प्रश्न तिथंच आहे. ग्राहकानं ज्यांच्या नावानं पैसे दिले त्यांनाच ते पोचले, हे मालकानं दाखवलंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. ब्रिटननं तो केला. टिप आणि सर्व्हिस चार्जची पूर्ण रक्कम, मालकानं स्वतःसाठी काहीही न कापता, कर्मचाऱ्यांमध्ये न्याय्य रीतीनं वाटली पाहिजे, हा तिथला नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. आपल्याकडचे जे मालक 'हे पैसे पोरांचेच' म्हणतात, त्यांच्या संघटनांनी असा कायदा मागितल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आणि समजा, पैसा पै-पैशानं पोरांना मिळतो. तरीही हा मार्ग चुकीचाच आहे, कारण पोरांचा पगार पुरेसा नाही ही मालकाची जबाबदारी त्यात हळूच माझ्या टेबलावर सरकवली जाते. मी ओळ काढायला लावली तर मालकाचं काही जात नाही. त्या बावीस वर्षांच्या पोराचं जातं. त्याला ढाल करून पुढे उभं केलेलं असतं, आणि भांडण लागतं ते दोन तास ज्यांचं छान जमलं होतं अशा दोघांत. मेनूकार्डातले सगळे भाव दहा टक्क्यांनी वाढवले आणि ते पैसे पगारपत्रकात गेले, तर या पोराला प्रत्येक टेबलापाशी माझ्या चेहऱ्याकडे बघत उभं राहावं लागणार नाही. पगारात गेलेल्या पैशावर भविष्यनिर्वाह निधी लागतो, बँकेत दाखवायला आकडा मिळतो. भांड्यातल्या हिश्श्याला यांतलं काहीच नसतं.

एकतीस डिसेंबरच्या रात्रीचा तर वेगळाच विचार करायला हवा. नाताळ आणि वर्षअखेरीला परमिट रूम आणि बारना पहाटे पाचपर्यंत मुभा देणारा आदेश राज्य सरकार वर्षामागून वर्ष काढत आलं आहे. आपण पहाटे टॅक्सी बोलावून घरी जातो. आत राहिलेल्यांनी खुर्च्या उलट्या करून ठेवायच्या, फरशी पुसायची, आणि मग निघायचं; त्या वेळी ना पीएमपीची बस असते ना मेट्रो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा तासांना दुप्पट दरानं मजुरीची तरतूद आहे. त्या रात्रीची दुप्पट मजुरी किती हॉटेलांत पगारपत्रकावर दिसते, हे कामगार आयुक्तालयानं जानेवारीत एकदा तपासून पाहावं. सर्व्हिस चार्जपेक्षा ती तपासणी या पोरांच्या जास्त उपयोगी पडेल.

आता ज्यांच्या नावावर ही हॉटेलं चालतात त्या इटलीकडे पाहू, कारण आपण तिथला पास्ता आणला आणि भाव लिहायची पद्धत तिथंच ठेवून आलो. इटलीत मेनूकार्डावरचा आकडा कर धरून असतो; हॉटेलातल्या जेवणावरचा त्यांचा दहा टक्के मूल्यवर्धित कर त्यातच आला. टिप देण्याची सक्ती तर नाहीच, फारशी रीतही नाही. फार तर सुटे युरो टेबलावर सोडतात. वेटरचा पगार राष्ट्रीय पातळीवरच्या सामूहिक करारानं ठरतो, आणि डिसेंबरमध्ये तेरावा पगार मिळतो, आपल्या दिवाळीच्या बोनससारखा. म्हणजे नाताळची ओवाळणी मालकाकडून येते, गिऱ्हाइकाच्या बिलातून नाही.

तिथं सगळं आलबेल आहे असंही नाही. 'कोपेर्तो' नावाची एक आकारणी बहुतेक ठिकाणी असते: माणशी एकदोन युरो, ब्रेड आणि टेबल मांडल्याचे. परदेशी प्रवासी तिच्या नावानं बोटं मोडतात. रोम ज्या प्रांतात आहे त्या लात्सिओनं २००६ च्या प्रादेशिक कायद्यानं ती घ्यायला बंदी केली. तरी ब्रेडच्या नावानं पैसे घेणारे तिथंही भेटतात. हॉटेलवाले सगळीकडे सारखेच. पण निदान ती रक्कम ठरीव असते. महागडी वाइन मागवली म्हणून कोपेर्तो वाढत नाही. आपल्याकडे दोन हजारांची बाटली उघडायला लागणारे कष्ट तेवढेच, पण टक्केवारी मात्र बाटलीच्या किमतीबरोबर चढते.

विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. इटलीत नाताळच्या आदल्या रात्री बऱ्याच घरांत मांस टाळून मासे असतात, बोलोन्याकडे नाताळच्या जेवणात तोर्तेल्लिनी हा सारण भरलेला पास्ता रश्श्यात सोडून खातात, मिलानचा पानेत्तोने आणि वेरोनाचा पांदोरो या नाताळच्या केकांवरून घराघरांत तट पडतात. आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री मसूर खातात! चपटा दाणा नाण्यासारखा दिसतो म्हणून नव्या वर्षी पैसा येतो, अशी समजूत. सोबत डुकराच्या मांसाचं जाडजूड सॉसेज. आपल्या इटालियन हॉटेलांच्या एकतीस डिसेंबरच्या खास मेनूत ट्रफल तेल असतं, लाव्हा केक असतो, क्वचित पनीर टिक्का पिझ्झाही असतो, पण मसूर मी आजवर पाहिलेला नाही. कराडकडच्या ढाब्यावर अख्खा मसूर ओरपणारा ट्रकवाला त्या रात्री इटालियन रिवाजाच्या जास्त जवळ असतो. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटालियन स्वयंपाक आणि आपली दिवाळी या दोघांचीही अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. त्याचे फलक आता या हॉटेलांत लागतील. लागोत बापडे.

परत भावाकडे. मालकांच्या बाजूनं बोलायचं तर त्यांची खरी दुखणी वेगळी आहेत आणि त्याबद्दल मला सहानुभूती आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा वातानुकूलित हॉटेलांना अठरा टक्के होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून तो पाच टक्के झाला, गिऱ्हाईक खूश झालं. पण त्याबरोबर मालकांचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर वजा करायची सोय) गेलं. जागेच्या भाड्यावर अठरा टक्के, उपकरणांवर कर, आयात मालावर कर, आणि यातलं काहीही पुढच्या करातून वजा करता येत नाही. सगळं अंगावर. त्यात बाणेर-कोरेगाव पार्कातली भाडी आणि घरपोच देणाऱ्या ॲप कंपन्यांचं कमिशन. वर्षातले आठ महिने सोमवार ते गुरुवार रिकामी टेबलं पुसायची आणि डिसेंबरात भरून काढायचं, असा हा धंदा आहे. हे सगळं कबूल. पण यातल्या प्रत्येक खर्चाची जागा पदार्थाच्या भावात आहे. वीजबिल वाढलं म्हणून कुणी 'वीज चार्ज' अशी ओळ लावत नाही. मग वाढणाऱ्या माणसाचीच वेगळी ओळ कशाला?

खरं कारण सगळ्यांना माहीत आहे. सहाशे ऐंशीचा पिझ्झा सातशे अठ्ठेचाळीसचा दिसला की माणूस शेजारच्या हॉटेलात जातो. भाव छोटा दाखवायचा आणि उरलेलं मागून घ्यायचं. एकट्यानं प्रामाणिकपणा केला तर तोच मार खातो, हे खोटं नाही. न्यूयॉर्कमध्ये डॅनी मेयर या नामवंत हॉटेलमालकानं २०१५ पासून टिप बंद करून सगळं किमतीत धरायला सुरुवात केली. गाजावाजा झाला, अनेकांनी अनुकरण केलं, बहुतेक जण मागे फिरले, आणि २०२० मध्ये मेयर यांनीही तो प्रयोग गुंडाळला. म्हणूनच मी मालकांना 'तुम्ही मनानं मोठे व्हा' असं सांगत नाही. सगळ्यांना एकाच दिवशी एकच नियम लावा, म्हणजे कुणाचा पिझ्झा शेजाऱ्यापेक्षा महाग दिसणार नाही.

नियम नवा शोधायचीही गरज नाही. दहा रुपयांचा बिस्किटपुडा घेताना आपण 'अधिक कर' असं कधी ऐकतो का? पुड्यावर सर्व करांसहित किंमत छापावी लागते, कुठल्याही खेड्यातला दुकानदार तेवढेच घेतो. कुठल्याशा वाण्याला जे जमतं ते वाइनची यादी छापणाऱ्याला का जमू नये? हॉटेलचा भाव पाकिटबंद मालासारखा बांधून द्या असं मी म्हणत नाही. किंमत काय ठेवायची हा मालकाचाच अधिकार. फक्त जी ठेवाल ती पूर्ण लिहा. करांचा गोंधळ पाहता तर हे आणखीच हवं. साध्या हॉटेलात पाच टक्के जीएसटी, पण ज्या मोठ्या हॉटेलात खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर गेलं आहे तिथल्या रेस्टॉरंटात अठरा टक्के. दारू जीएसटीत नाहीच, तिच्यावर राज्याचा व्हॅट. जेवायला आलेल्या माणसानं आधी वरच्या मजल्यावरच्या खोलीचं भाडं विचारायचं का?

आपल्या जुन्या थाळीच्या खानावळींत आणि उडुपी हॉटेलांत हा प्रश्न कधी पडला नाही. भिंतीवर भावफलक, बडीशेपेच्या बशीत बिल, त्याच बशीत मर्जीनं ठेवलेलं नाणं. नाणं ठेवलं नाही तरी दुसऱ्या दिवशी सांबार तेवढंच मिळे.

डिसेंबरच्या पॅकेजबद्दल मात्र माझं मत बऱ्याच ग्राहकमित्रांपेक्षा वेगळं आहे. चोवीस, पंचवीस आणि एकतीस तारखेला नेहमीचा मेनू बंद ठेवून माणशी अमुक रुपयांचं ठरीव जेवण द्यायचं, आगाऊ पैसे घ्यायचे, हे मला गैर वाटत नाही. त्या रात्री मागणी चौपट असते, स्वयंपाकघर तेवढंच असतं. दर वाढवणं हा धंदा आहे. नाटकाच्या पहिल्या रांगेला जास्त पैसे देतोच की आपण. खटकतं ते हे, की जाहिरातीत मोठ्या अक्षरांत एक आकडा असतो आणि 'अधिक कर, अधिक सर्व्हिस चार्ज' हे तळाशी. जी रात्र चार महिने आधी ठरवता येते, ज्या जेवणाचा एकच भाव आहे, तिथं तरी पूर्ण रक्कम छापायला काय अडचण असते, हे मला आजवर कळलेलं नाही.

आणि पूर्ण लिहायचंच तर पदार्थही पूर्ण लिहावा. 'पार्मेजान' म्हणून जे मिळतं त्याचं एक उदाहरण देते. अस्सल पार्मिजानो रेज्जानो हे चीज नियमानुसार वासराच्या जठरातल्या विरजणानंच लावावं लागतं आणि किमान बारा महिने मुरवावं लागतं. म्हणजे ज्या हॉटेलावर शुद्ध शाकाहारी अशी हिरवी पाटी आहे तिथं ते असूच शकत नाही. आणि असेल तर पाटी खोटी. तिथं दुसरं चांगलं शाकाहारी चीज वापरतात, चवीलाही ठीक असतं. मग तसं लिहा ना. दुसरीकडे वनस्पती तेलाचं 'चीज' खपवणारे आहेतच. बनावट पनीरावरून २०२५ मध्ये विधानसभेतही आवाज उठला होता. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक डिसेंबरात केक-मिठाईचे नमुने घेत फिरतातच. परवाना नव्यानं देताना आणि अशा फेरीत मेनूकार्डाचं शेवटचं पान डोळ्यांखालून घालायला त्यांना पाच मिनिटंही लागणार नाहीत. सर्व्हिस चार्जची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही करता येते, पण शंभरातला एखादाच ती करणार. जेवून तृप्त झालेला माणूस तक्रार करत नाही, हे मालकांना पक्कं ठाऊक असतं.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर आमच्या घरात एवढंच ठरलं आहे की भीड टेबलाशी पडते, फोनवर पडत नाही; तेव्हा जागा धरतानाच विचारायचं की पाच जणांचं, कर वगैरे सगळं धरून, सर्व्हिस चार्ज न लावता किती होईल. पहिल्यांदा विचारलं तेव्हा पलीकडचा मॅनेजर जरा वेळ गप्प राहिला. मग 'थांबा हां मॅडम' म्हणाला, कुणाला तरी विचारून आला, आणि पूर्ण आकडा सांगितला. आम्ही तिथंच गेलो. निघताना वाढणाऱ्या मुलाच्या हातात रोख पैसे दिले, त्यानं ते दारामागच्या डब्यात टाकले आणि आतल्या भट्टीवाल्याला हाक मारून आकडा सांगितला.